केस स्टडी : बोडी

प्रशिक्षणातून आणलेल्या पुस्तिकेला
अजून शाईचा वास होता.
पान चौदा : कुठल्याशा देशातला समुद्र,
कापसाच्या शेतांनी पिऊन टाकलेला.
वाळूत उभ्या नावांचा फोटो,
खाली चार चौकटी :
समस्या, कारणे, भागधारक, उपाय.

आठवीने दहा मिनिटांत समुद्र भरून दिला.
झाडे लावा, पाणी वाचवा, जनजागृती करा.
घंटेच्या आत सगळे मोकळे.
मारबत्यांची आचल तेवढी वही मिटेना :
"सर, त्या नावेतले लोक मंग कुठी गेले जी?"
पुस्तिकेत नव्हतं.
मी पान उलटून पाहिलं,
मागे प्रकाशकाचा पत्ता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं : आपली बोडी.
चौकटी त्याच.

समस्या सोपी गेली.
पौषातच तळ दिसतो.
बेशरम पाळीवरून उतरून आत शिरली आहे.
जाळ्यात न येणारे मासे आचलने सांगितले :
दाडक, वाघूर, शिंगूर, बोटरी.
ऱ्हस्व की दीर्घ, हे मीच तिला विचारलं.

कारणांना वर्ग तापला.
"रातच्याला तुडुम कोणं उघडलं? तुया बाबानं."
"धानाले पाणी नोको का मंग?"
"अन् बेशरमीवर औषध मारलं ते? मासे कोणाचे मेले?"
"ट्रॅक्टर तं तुया मामाचे जाते मातीले."
एक कंपासपेटी उडाली.
समुद्राच्या वेळी कुणाला मामा नव्हता.

भागधारक कुणालाच कळेना.
"शेअरवाले का जी?" निहालने विचारलं.
मी म्हटलं, ज्यांचं काही जातं
आणि ज्यांना काही मिळतं, ते सगळे.
चला, बघून येऊ.

बोडीत जेसीबीच्या दातांचे ओरखडे,
खड्ड्यात हिरवं, वीतभर पाणी.
पाणकर तुकडू वलथरे पाळीवर बसून होते.
"मोजा, मोजा," म्हणाले,
"माह्या बापानं काठीनं मोजलं होतं.
काठी हाये घरी. बोडीच आखूड झाली."

परत येताना निहाल शाळेच्या कंपाउंडला थबकला.
नवी भिंत, अजून प्लास्टर नाही.
एका विटेत गोगलगायीचा शंख,
भट्टीत भाजून पांढराफेक चुना झालेला.
नखानं टोकरला तर बोटावर पीठ.
"सर, हे आपल्या बोडीतलंच ना?"

विटांच्या बिलावर सचिव म्हणून माझी सही आहे.
तीन कोटेशनांतलं सर्वांत कमी,
नियमाने.

त्याने काही विचारलं नाही पुढे.
वर्गात जाऊन खडू घेतला,
भागधारकांच्या चौकटीत
धिवर, धानवाले, ट्रॅक्टरवाले, पाणकर
यांच्याखाली नीट अक्षरात लिहिलं :
सर.

उपायांची चौकट तशीच राहिली.
कुणी जनजागृतीही लिहिली नाही.

तालुक्याला अहवाल दिला.
साहेबांनी पानं चाळली, चष्मा वर केला :
"यशोगाथा मागितली होती, गुरुजी.
याचा शेवट कुठे आहे?"

तुडुमाजवळ, मी म्हटलं.
घोटाभर पाणी आहे अजून.
मुलं शनिवारी काठी घेऊन जातात,
ती वलथऱ्यांची जुनी,
आणि आकडा वहीत लिहून ठेवतात.
मला दाखवतात कधी.
कधी नाही.