कल्ले

डिचोलीच्या बगलरस्त्याला, पंक्चरवाल्याच्या मागं
आमचं डेंटिंग-पेंटिंग.
तन्वेश माजीकनं तिन्हीसांजेला गाडी आणली.
पिवळी, बुटकी, दोन दारांची,
कुणीतरी कळंगुटला चार वर्षं मिरवून विकलेली.
दारांच्या मागं दोन्ही अंगांना खाचा,
बॉनेटवर एक उभारलेली नाकपुडी.
"तापते," म्हणाला.
"एवढं वारं आत घेते, तरी तापते."

मेस्त कुस्तोद काही बोलला नाही.
बाजारात बांगडा घेताना कल्ला उचलून बघतो
तसं त्यानं बोट घातलं खाचेत.
दोन पेरं गेलं.
मग जाळी, जाळीमागं प्लास्टिकची भिंत.
त्यानं बोट पुसलं.
"वारो खंय वता?"
तन्वेश म्हणाला, कंपनीनं दिलंय म्हणजे
जात असणार कुठंतरी.

मग मी घरून लाल लोकर आणली,
बोटाएवढे तुकडे करून टेपनं चिकटवले अंगभर,
देवीला नवस फेडावा तशी दिसायला लागली गाडी.
तो मयेच्या रस्त्यानं साठच्या वेगानं,
मी बाजूला स्कूटरवर, मान वाकडी करून.
बॉनेटवरचे धागे नाकपुडीपाशी आले
आणि ओळख न देता दोन्हीकडून निघून गेले.
खाचांवरचे तर सपाट झोपलेले.
फक्त समोरच्या काचेच्या पायथ्याशी,
जिथं एक भोक नाही,
तिथं ते उभे राहून थरथरत होते.
"दार पाहिजे तर तिथं होतं," मेस्त म्हणाला.
आणि तापण्याचं म्हणाल तर पंख्याचा फ्यूज जळालेला.
चाळीस रुपये.

तन्वेशच्या बापाचे तीन ट्रक होते खाणीवर.
केबिनमागं हवेचा उभा नळ,
वर उपडी टोपी, एकदम कुरूप.
रोज रात्री फिल्टर काढून
तो घराच्या पायरीवर आपटायचा.
कुणी विचारलं नाही कधी
हे कामाचं की शोभेचं.
ट्रक भंगारात गेले.
पायरी अजून तांबडी आहे.

"मग कापा," तन्वेश म्हणाला. "खरी करा."
मेस्तनं डिकी उघडली.
खाचेच्या पलीकडं स्टेपनी, जॅक,
ओला टॉवेल, एका पायाची चप्पल.
"कापतो की.
पण आत घेतलेला श्वास
ह्या चपलेला देऊ?"

तो गाडीला दोनदा फेरी घालून आला.
एकदा खाचेशी वाकला, आत फुंकला,
फुंकर तोंडावर परतली असावी.
शेवटी खाली बघत म्हणाला,
"निदान खोल दिसू दे."

ते माझं काम.
कडेला करडा, मग मॅट काळा, तीन हात,
तळाशी असा काळा
की वाळलाय का बघताना माझंच बोट बिचकलं.
दोन पेरांची विहीर.
फसवतोय असं वाटलं नाही,
खरं सांगतो,
हात बसला असं वाटलं.

परवा चोडणच्या फेरीत ती उभी होती,
इंजिन बंद. तन्वेश कठड्याशी फोनवर.
डाव्या खाचेच्या ओठावर
काढायचा राहून गेलेला एक धागा,
निम्मा लाल, निम्मा माझ्या काळ्यात बुडालेला.
मांडवीवरून वारं येत होतं.
धागा आत जायचा, थांबायचा, बाहेर यायचा.
आत जायचा.
मेस्तला नंतर सांगितलं तर म्हणाला,
भिंतीला आपटून परततं ते.
तसंच असणार.
पण रायबंदरचा धक्का लागेपर्यंत
मी मोजत राहिलो,
मिनिटाला सोळा,
कधी सतरा.