पाणसळ

आधी एकच तक्ता होता :
नाव, खोली नंबर, नेलेली वस्तू.
त्यात तो एकदा खवणेकर, एकदा खवनेकर,
एकदा नुसताच दत्ता,
आणि माझं एकुलतं ड्रिल मशीन
एकाच रविवारी तीन घरांत भोकं पाडत होतं.

मग फोडलं. माणसं वेगळी, हत्यारं वेगळी,
मध्ये एक किडकिडीत तक्ता :
याचा आकडा, त्याचा आकडा,
नेल्याची तारीख, परतीची तारीख.

कन्नमवार नगरातली इमारत
रीडेव्हलपमेंटला गेली,
तेव्हा खोली नंबरचा अख्खा रकाना
एका रात्रीत खोटा पडला.
पत्ता माणसाच्या ओळीत लिहायचा नसतो.
पत्त्यांचा तिसरा, नाही, चौथा तक्ता केला.

काल आवरायला बसलो.
क्रमांक सात, दत्ताराम खवणेकर.
मार्चमध्ये गेला, भांडुपच्या भाड्याच्या जागेत.
पुसायला गेलो तर उत्तर आलं :
ही नोंद काढता येणार नाही,
दुसरी एक नोंद हिच्यावर अवलंबून आहे.

पाहिलं.
पाणसळ. नेली : एकोणीस ऑगस्ट.
परत : रिकामं.
शून्य नव्हे हं, रिकामं.
शून्य म्हणजे निदान कुणीतरी मोजलेलं असतं.

त्याच्या मुलीकडे मागता येईल.
नियम माझाच, एका ओळीत उठवताही येईल.

चहा टाकला.
मग भाड्याच्या भिंतीवर फळी ठोकली,
नुसत्या नजरेने.
डावीकडे किंचित उतरते आहे.
पेन्सिल ठेवली की
हळूच निघते, काठाशी येऊन
पडते.