देऊ का?

इंदुरात मूसाखेडीच्या नाक्यावर पंक्चर काढणारा
गेंदालाल चौकसे, वय बावन्न,
पित्ताशयात खडे, मान आखूड,
दाढी छातीपर्यंत. नवसाची. काढणार नाही म्हणाला.

टेबलावर आडवा होताना विचारलं,
"मॅडम, हवा तर चेक केली ना?"
म्हटलं, हो, सिलिंडर भरलेला आहे.
तो हसला. त्याला बहुतेक दुसरंच विचारायचं होतं.

तीन मिनिटं ऑक्सिजन.
मग ते दुधासारखं औषध.
पापणीला बोट लावलं, हलली नाही.

ग्वाल्हेरला शिकताना टेंबे सर सांगायचे,
आधी बॅग दाबून बघ, छाती वर येते का.
आली तरच स्नायू सैल करायचं औषध.
"जो श्वास तुला देता येत नाही
तो काढून घेऊ नकोस, पोरी."
बावीस वर्षं हे वाक्य
पदराला टोचलेल्या सुईसारखं घेऊन फिरते.

बॅग दाबली.
दाढीतून फुस्स.
दोन्ही हातांनी मास्क धरला, पुन्हा फुस्स.
जबडा असा घट्ट
की कुलूप लावून आत कुणी झोपलंय.
सत्त्याण्णव.

शाहीनच्या हातात सिरिंज. "देऊ का?"
हिनंच वाद घातला होता कँटीनमध्ये, चहा गार होईपर्यंत:
मॅडम, आडवा येतो तो जबडाच.
सैल केला की हवा जाते.
आणि हवा जात नाही म्हणून
पेशंटला परत उठवलंय कुणी? तुम्ही उठवलंय?
मी म्हटलं होतं, तू अजून निळा माणूस पाहिला नाहीस.
ते उत्तर नव्हतं. दोघींनाही माहीत होतं.

चौऱ्याण्णव.
मॉनिटरचा सूर अर्धी पायरी उतरला.

"दे."

मग काहीच करायचं नसतं.
म्हणजे सगळं करायचं असतं, मास्क, हनुवटी, बोटं,
पण ते एक मिनिट आपलं नसतं.
घड्याळाकडे बघितलं नाही. सूर ऐकत राहिले.
ब्याण्णव.
तळव्यात त्याचा जबडा
खांद्यावर झोपलेल्या लेकराच्या डोक्यासारखा
एकदम जड झाला.

बॅग दाबली.
आधी दाढी उचलली गेली,
मग छाती.

शाहीननं चार्टवर वेळ लिहिली, दहा सतरा.
काही बोलली नाही. शहाणी आहे.
सर असते तर विचारलं असतं, का दिलंस?
ते सांगता आलं असतं.
पुन्हा देशील का, हे विचारलं असतं तर...

पुढची केस अकराला. सडपातळ बाई, थायरॉईड.
औषध गेलं, पापणी मिटली,
आणि माझा हात
आधी बॅगकडेच गेला.