रकाना सहा

घणसोली गावठाण. गल्ली अशी
की स्कूटर वळवायला दोनदा मागे घ्यावी लागते.
अर्ज विकासकाचा: आंबा, नग एक, जीर्ण, धोकादायक.
मी टेप घेऊन खोडाला कवळ घातली, पुरली नाही.
टेपचं दुसरं टोक झाडामागून
लडकू मढवींनी आणून दिलं, न बोलता.

बुंध्याशी भुसा होता, ओलसर, ताजा,
कुणी रात्रभर पेन्सिली तासल्यासारखा.
त्यांनी पायातली एक चप्पल काढून
त्याच्यावर सारली. सहजच.

ओळखते मी तो भुसा.
आत अंगठ्याएवढं पांढरं काहीतरी
वर्षभर लाकूड खात पुढे सरकतं
आणि मागचं बाहेर लोटतं.
भिरूड.

खोडावर जागोजाग बुचं:
आधी सायकलच्या तारेचा आकडा घालून ओढायची अळी,
मग पेट्रोलचा बोळा, वर सिमेंट.
एका बुचावर अंगठ्याचा ठसा, लहान पोराचा.
त्या पोराच्याच सहीने आलाय अर्ज,
विकासकाच्या सहीखाली.

आणि तेवढ्यात आठ आण्याएवढ्या भोकातून
तो निघाला. घाई नव्हती.
राखेच्या रंगाचा, मिशा अंगाहून लांब,
मानेवर दोन केशरी ठिपके
रिक्षाच्या मागच्या दिव्यांसारखे.
दिवसाढवळ्या, नेमका माझ्यासमोर, शहाणा.

म्हाताऱ्याने त्याला पाठीकडून चिमटीत धरलं.
मला वाटलं, आता चिरडणार.
तीस वर्षांचं वैर.
त्यांनी त्याला शर्टाच्या खिशात टाकलं,
विडीच्या बंडलाशेजारी, आणि वर हात ठेवला.

"झाराला कय नाय झायलं, मॅडम."

चर्र, म्हणाला खिसा.
चर्र. चर्र.
तेल न घातलेल्या बिजागरीसारखा.
आम्ही दोघंही समोरच्या गच्चीवरच्या
पाण्याच्या टाकीकडे बघत राहिलो.

रकाना सहा: कीड अथवा रोग, असल्यास तपशील.

मी म्हटलं, काका, चहा मिळेल?
ते आत गेले. खिसा बोलत बोलत गेला.

खोडाला कान लावला.
आत अजून कुणीतरी होतं,
बारीक, चिवट, कामात.
मी लिहिलं: फेरपाहणी आवश्यक. पावसाळ्यानंतर.
अक्षर जरा वाकडं आलं, फाइल खोडावरच टेकवली होती.

चहा आला. खिसा आता चपटा, गप्प.
मी विचारलं नाही.
कप घेताना खाली नजर गेली:
एक पाय अनवाणी.
चप्पल अजून भुशावर.