फँटाच्या बाटलीतलं तेल

धक्क्यावरच्या दुकानात तेल सुबक डब्यांतून मिळतं.
डब्यावर गाढव, गाढवावर म्हातारी,
म्हातारीच्या तोंडावर न आटणारं हसू.
आनेझिना म्हणाली, ती मी नव्हे.
माझं गाढव ब्याण्णव सालीच मेलं.

तिचं तेल फँटाच्या बाटलीत,
लेबल अर्धं खरवडलेलं, बुचाला चिंधी.
शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ते, विकायचं नाही.
विकायला बाहेर टांगलेत टेबलक्लॉथ.
"हे इथलेच?"
"छे! कंटेनरनं येतात.
माझी सुई डोळ्यांबरोबरच गेली."
इतकं खरं बोलल्यावर
घासाघीस कोणत्या तोंडानं करायची?

मग केपरच्या कळ्या काढल्या तिनं, मिठात मुरलेल्या,
बांधाच्या दगडांतून पहाटे वेचलेल्या,
वाटाण्याहून लहान.
फुललं की संपलं, म्हणाली.
पाव किलोवर काटा थांबला
तरी एक मूठ वर पडलीच.
आणि काय मनात आलं कोण जाणे,
आत गेली, ती बाटली घेऊनच आली.
पैसे विचारले तर नुसत्या भुवया उचलल्या.
तिकडे त्याचा अर्थ, नाही.

अथेन्सच्या विमानतळावर बाटली अडली.
तपासनिसानं बूच काढलं, हुंगलं,
पुन्हा हुंगलं.
"आमच्या बेटावरचं. कुणाकडचं?"
मी नाव सांगितलं, त्यानं नियम सांगितला.
पण पिंपात नाही टाकली;
टेबलाखाली, आपल्या जेवणाच्या डब्याशेजारी
नीट उभी ठेवली.

"शनिवारी घरी चाललोय," म्हणाला,
"रिकामी बाटली तिला पोचवतो."