पक्का रंग

बाबा अक्कलकोट रोडच्या कारखान्यात सूत रंगवतो.
संध्याकाळी त्याच्या नखांत कधी मोरपंखी, कधी डाळिंबी.
दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो,
धुवा, आपटा, उन्हात टाका,
सोलापुरी चादर आहे, रंग जाणार नाही.

पाणी पाचव्या दिवशी येतं.
आईची घागर भरली की मागची बाई
तोटी राखेनं घासून घेते.
बोलत काही नाही. घासते फक्त.

शाळेच्या क्लार्कनं ऐकलं सिद्दी, लिहिलं सिद्धे.
म्हणाला, सिद्धेश्वराच्या गावात हेच शोभतं.
आजोबा जुजे आला तेव्हा
त्याला आडनावही कुणी विचारलं नव्हतं, फक्त देश.
तो म्हणायचा, हल्याळ.
ते म्हणायचे, तसं नाही बे, खरा देश.

पहाटे साडेचारला मारशी पळते, मागे मी सायकलवर.
विजापूर रोडची कुत्री आता भुंकत नाहीत.
कधी ती दुभाजकाला धरून ओकते,
पोटरीत गोळा येतो, बूट तीनदा शिवलेत,
आणि मी घड्याळ बघून खोटं सांगतो,
दोन सेकंद कमी झाले.

पार्क मैदानावर आठशे मीटरला ती पाचवी आली
तेव्हा मागून आवाज आला, कोळसा विझला रे.
पुढच्या वर्षी पहिली आली.
त्याच माणसानं मला पेढा भरवला,
यांच्या रक्तातच असतं हो ते.

माझंही रक्त तेच.
मला तलावाच्या पायऱ्या चढताना धाप लागते.

माइकवर पुकारलं, मार्सेलीन सिद्धे.
ती जागची हलली नाही.
पुन्हा पुकारलं. पाहुण्यांच्या हातात पदक लोंबकळत राहिलं.
मग खालूनच ओरडली,
द ला द. ध नाही.
लोक हसले. माइकवाला कागद जवळ नेऊन
लहान पोरासारखा वाचत गेला,
सिद्, दी.

घरी तिनं पदक काढलं
तर घामानं गळ्यावर निळा पट्टा उठलेला.
बाबानं फीत अंगठ्यावर घासली,
दिव्याखाली धरली, वास घेतला.
कच्चा आहे, म्हणाला. मीठ कमी पडलंय.
आई हसायला लागली ते थांबेचना.

उद्या पाण्याचा दिवस आहे.
मारशी म्हणते, नळावर मी जाते.
गळा तिनं अजून धुतलेला नाही.