साडेसदतीस इंच

धोबी तलावाला, मेट्रोच्या मागच्या गल्लीत
सहा बाय आठचं माझं दुकान.
क्रिकेटवाले पुढच्या, काचेच्या दुकानांत जातात.
माझ्याकडे येते हॉकी,
चिरलेली, सोललेली,
घामाने ग्रिप काळी पडलेली,
आणि तिच्यामागोमाग बोलणारी माणसं.

गेले नऊ दिवस एकच विषय.
एल्मा डाबरेची पाठ.

कस्टममधून निवृत्त झालेले सर्फरे
छत्री दाराला अडकवतात, मग निदान करतात:
"गादी सरकलीय. माझ्या मेव्हण्याची सरकली होती,
आजही त्याला चप्पल दुसऱ्याने घालावी लागते."
मेव्हणा कधी पेनल्टी कॉर्नर मारायचा
हे कुणी विचारत नाही.

कावेलचा मोंतेरो म्हणतो, सूज आहे फक्त, उतरेल.
तरी माउंट मेरीला जाऊन आलाय.
तिथे मेणाचे हात मिळतात, पाय मिळतात,
बाळ मिळतं, घर मिळतं,
पाठ मिळत नाही.
शेवटी त्याने अख्खी बाई घेतली, वीतभर,
आणि तिच्या कमरेवर नखाने
एक खूण केली,
चुकून भलतंच बरं व्हायला नको.

रुपारेलच्या दोन पोरी फोनवर तोच तुकडा बघतात:
चर्चगेटचं मैदान, पाणी मारलेलं टर्फ,
चेंडू सुटतो, अडतो,
एल्मा वाकते,
इतकी, की वेणीचं टोक भिजतं,
चेंडू ओढत नेते, ओढत नेते, फेकते.
फळीचा आवाज.
सगळ्या तिच्या अंगावर धावतात.
ती सरळ व्हायला एक श्वास जास्त घेते.
"इथे! इथेच गेली बघ!"

नाही गं पोरींनो. तिथे नाही गेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी हत्यारं पुसत होतो,
तेव्हा आली होती. "काका, दांडा अर्धा इंच वाढवा."
वर गुट्टी बसवली, वर नवी ग्रिप.
माघात परत. "अजून अर्धा."
साडेछत्तीसची साडेसदतीस झाली.
चोविसाव्या वर्षी कुणाची उंची वाढते?
मीही तीस वर्षं पाटावर वाकून बसलोय,
उठताना भिंत धरतो.
जमिनीने जरा वर यावं,
एवढंच मागत होती ती,
आणि जमीन काही माझ्याकडे
दुरुस्तीला येत नाही.

कुणाला सांगू नका, असं ती म्हणाली नाही.
पैसे देताना दोन नाणी पडली.
ती वाकली नाही.
मी उचलली.
दोघांनीही रस्त्याकडे बघितलं.

सांगायला हवं होतं?
उपांत्य सामन्यात मीही उभा होतोच की स्टँडमध्ये,
गळा फाडून, एल्मा, एल्मा,
आणि माझ्या गुट्टीवर
तिची वरची मूठ.

काल तिचा बाप आला, निर्मळहून.
स्टिक केळीच्या पानात गुंडाळलेली,
एखादं मासळीचं वाण आणावं तशी.
"डॉक्टर म्हणतात, सहा महिने. मग बघू.
ती म्हणते, स्टिक पहिल्यासारखी करून ठेवा."
मग बघू म्हणजे काय, ते मी विचारलं नाही,
त्याने सांगितलं नाही.
फणीभर राजेळी ठेवून गेला.

आता ती कोपऱ्यात उभी आहे, ग्रिप सोडवलेली,
माझं लाकूड उघडं पडलंय.
सर्फरे केळं सोलत विचारतात, "कुणाची?"
"गिऱ्हाइकाची."
"लांब वाटते."
"हो. कापायचीय."
करवत घेतो. ठेवतो.
पट्टी लावून परत मोजतो,
जणू रात्रीतून काही उतरलं असेल.
बाहेर मोंतेरो कुणाला तरी सांगतोय,
सूज आहे फक्त.